९० टनी डंपरचे रेडियल टायर: कंपाउंड बदलून काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

ज्यांना फक्त निकाल हवा आहे त्यांच्यासाठी तो आधीच सांगतो. ९० टनी रिजिड डंपरचे २७.००आर४९ मापाचे, ई-४ ट्रेडचे (ट्रेड म्हणजे जमिनीला टेकणारा नक्षीचा थर, ई-४ हा त्याचा जाड प्रकार) रेडियल टायर आम्ही पूर्वी दगडाचे कट सहन करणाऱ्या कंपाउंडमध्ये, म्हणजे रबराच्या मिश्रणात, घेत होतो. या वेळी त्याच मापाचे, त्याच ट्रेडचे, पण उष्णता जास्त झेलणाऱ्या कंपाउंडचे घेतले. एक अख्खा उन्हाळा आणि त्यामागचा पावसाळा त्यांच्यावर काढला. टायर उत्तम चालले आणि पुढची ऑर्डरही याच कंपाउंडची जाणार आहे. तरीही हे वाचून कुणी डोळे झाकून तेच मागवू नये. हाच टायर दुसऱ्या खाणीत अर्ध्या आयुष्यात फाटून बाहेर येईल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण फरक कंपनीमुळे पडलेला नाही.

जुने टायर वाईट नव्हते. खाण उथळ होती, बेंचवर (खाणीतल्या पायरीवर) टोकदार दगड, फेरी छोटी. तेव्हा टायर मरायचा तो कट लागून, आणि त्यासाठी तेच कंपाउंड योग्य होतं. पुढे खाण खोल गेली, डंप यार्ड लांब सरकलं, आणि टायर वेगळ्याच कारणाने उतरायला लागले. ट्रेड निम्मा शिल्लक, बाहेरून मोठी जखम नाही, पण खांद्याजवळ फुगवटा. कापून पाहिलं की आत रबर आणि स्टीलचे बेल्ट एकमेकांपासून सुटलेले. हे उष्णतेचं सेपरेशन. रबर उष्णता बाहेर सोडायला फार आळशी असतं. चाक फिरताना टायर दर वेळी दबतो, पुन्हा सरळ होतो, त्यात आत उष्णता तयार होते, आणि जाड ट्रेडमधून ती निघून जाण्याआधीच पुढची भर पडते. रस्त्यावर थांबून हात लावला तर टायर फार तापलेला वाटतही नाही. सगळ्यात गरम जागा आत, बेल्टच्या कडेला असते.

याचा हिशेब टीकेपीएच या आकड्याने होतो, म्हणजे टन-किलोमीटर प्रति तास. टायरवरचा सरासरी भार गुणिले पूर्ण फेरीचा सरासरी वेग. टायर कंपनी प्रत्येक मापाला आणि कंपाउंडला एक टीकेपीएच देते, आणि तुमच्या रस्त्याचा आकडा त्याच्या खाली राहिला पाहिजे. हा आकडा ३८ अंश सेल्सियस हवेचं तापमान धरून दिलेला असतो. हवा त्याहून तापली की टायरची ताकद कमी धरावी लागते.

आमच्या वर्गातल्या डंपरचं उदाहरण घेतो. भरलेलं वजन साधारण १६४ टन, रिकामं ७४ टन. भरल्यावर एक तृतीयांश भार पुढच्या दोन टायरांवर आणि उरलेला मागच्या चारांवर येतो, म्हणजे प्रत्येक टायरवर सुमारे २७.३ टन. इथवर सगळे टायर सारखे. डंपर रिकामा झाला की चित्र पालटतं. रिकाम्या गाडीचा ४७ टक्के भार पुढे धरला तर पुढच्या प्रत्येक टायरवर १७.४ टन राहतात, मागच्या प्रत्येकावर जेमतेम ९.८. सरासरी काढली तर पुढचा टायर २२.३ टनांच्या आसपास आणि मागचा १८.६. मागचा टायर परतीच्या वाटेवर विश्रांती घेतो, पुढच्याला ती सुट्टी तितकी मिळत नाही. म्हणून टीकेपीएच नेहमी पुढच्या टायरचा काढायचा.

आता वेग. लोडिंग, रांग आणि डंपिंग मिळून ५ मिनिटं जातात आणि रस्त्यावर सरासरी ताशी २५ किलोमीटरचा वेग आहे असं धरा. एका बाजूचं अंतर दीड किलोमीटर असेल तर ३ किलोमीटरच्या फेरीला १२.२ मिनिटं लागतात, पूर्ण फेरीची सरासरी १४.७ च्या आसपास येते आणि पुढच्या टायरचा टीकेपीएच ३३० भरतो. अंतर ४ किलोमीटर झालं की तीच ५ मिनिटं मोठ्या फेरीत विरून जातात, सरासरी १९.८ होते आणि टीकेपीएच ४४० च्या पुढे जातो. ऑपरेटरने गाडी जराही जोरात हाकलेली नाही, भार तोच, डंपर तोच, तरी टायरवरचा ताप एक तृतीयांशाने वाढला. खाण खोल जाताना नेमकं हेच घडतं. शिफ्टच्या कागदावर फक्त फेऱ्या कमी झालेल्या दिसतात, टायर शेड सोडून कुणाच्या हे लक्षात येत नाही. आमच्याकडे हा हिशेब मांडून झाल्यावर कंपाउंड बदलण्याचा निर्णय लगेच झाला.

मागवताना खुणांकडे नीट बघा. मिशलिनकडे ए, बी, सी अशी अक्षरं चालतात, ए कटाच्या बाजूचं आणि सी उष्णतेच्या बाजूचं. ब्रिजस्टोनकडे १ए, २ए, ३ए. त्यात २ए कटासाठी आणि ३ए उष्णतेसाठी. एका कंपनीची खूण दुसरीला लावता येत नाही, म्हणून ऑर्डरवर खुणेसोबत टीकेपीएचचा आकडाही लिहून घ्यावा.

उन्हाळा संपला तेव्हा सेपरेशनने उतरणारे टायर जवळजवळ थांबले होते. झीज मात्र थोडी जास्त आहे. दर महिन्याला ट्रेडची खोली ठरलेल्या जागी मोजायची आणि एका मिलिमीटरला किती तास मिळाले ते लिहायचं, या एका नोंदीवर मी सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो. ३००० तासांत ३० मिलिमीटर गेले तर मिलिमीटरला १०० तास. नव्या कंपाउंडचा हा आकडा जुन्यापेक्षा उतरला आहे आणि तो उतरणार हे घेतानाच दिसत होतं. पण पूर्वी निम्मा ट्रेड शिल्लक असताना टायर भंगारात जायचा. आता तो झिजून उतरतो. मिलिमीटर लवकर झिजला तरी चालेल, पण शेवटचा मिलिमीटरसुद्धा वापरात आला पाहिजे.

पावसाळ्यात मात्र या टायरांनी परीक्षा घेतली. ओलं रबर कोरड्यापेक्षा खूप सहज कापलं जातं, पाणी दगडाच्या धारेला वंगणासारखी मदत करतं. त्यात हे कंपाउंड कटाला थोडं हळवं. पहिल्या मोठ्या पावसानंतर साईडवॉलचे, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचे, कट वाढले, आणि ते बहुतेक डंपर भरणाऱ्या शॉवेलजवळच्या जागेत लागलेले होते. डंपर मागे घेताना मागचे टायर बकेटमधून सांडलेल्या दगडांवरून जातात. यावर टायर बदलणं हा उपाय नाही. शॉवेलजवळ साफसफाईला डोझर कायम ठेवला, दोन मागच्या टायरांमध्ये अडकणारा दगड पाडणाऱ्या लोंबत्या दांड्या सगळ्या डंपरना पुन्हा सरळ करून बसवल्या, आणि वळणांवर ग्रेडर फिरवून पाणी साचू दिलं नाही. त्यानंतर कट आटोक्यात आले. टायरच्या बजेटमधला मोठा हिस्सा खरं तर डोझर आणि ग्रेडरच्या ऑपरेटरच्या हातात असतो. त्यांना टायरच्या बैठकीला बोलवत नसाल तर आजपासून बोलवा.

भाराबद्दलही सांगायला हवं. कॅटरपिलरचा १०/१०/२० नियम बऱ्याच खाणींना माहीत असतो: ठरलेल्या भारापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असलेल्या फेऱ्या एकूण फेऱ्यांच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत आणि २० टक्क्यांहून जास्त भार एकाही फेरीत नको. टीकेपीएचच्या गुणाकारात भार थेट येतो, त्यामुळे जास्तीची एक बकेट म्हणजे टायरच्या आयुष्यावर थेट घाव.

टायरांसोबत आम्ही आतला दाब आणि तापमान दाखवणारी यंत्रणाही बसवली. सेन्सर व्हॉल्व्हवर बसणारे आणि टायरच्या आत बसणारे असे दोन्ही प्रकार वापरून पाहिले. बाहेरचे बसवायला सोपे, पण दगड-चिखलात तुटतात आणि तापमान नीट सांगत नाहीत. आतले टायर उतरवल्याशिवाय हाताळता येत नाहीत, तरी माझं मत आतल्यांनाच. फक्त एवढं लक्षात ठेवा की तेही आतल्या हवेचं तापमान सांगतात, बेल्टच्या कडेचं नाही. सुरुवातीला केबिनमध्ये इशाऱ्यांचा इतका भडिमार झाला की ऑपरेटर वैतागले. इशाऱ्याची पातळी आपल्या रस्त्याच्या रोजच्या आकड्यांवरून बसवून घ्यावी लागते, कारखान्यातून आलेल्या पातळीवर सोडून चालत नाही.

या यंत्रणेमुळे मोडलेली एक सवय मला सगळ्यात मोलाची वाटते. शिफ्टच्या मध्यात गेज लावायचं, दाब जास्त दिसला की हवा सोडायची. थंड असताना, ३० अंशांना, टायरमध्ये १०० पीएसआय आहे आणि चालून आतली हवा ७० अंशांवर गेली तर गेजवर सुमारे ११५ दिसणारच. तो दाब वाढलेला असतो तो योग्य कारणाने. तिथे १५ पीएसआय सोडले की थंड झाल्यावर टायर ८७ च्या आसपास येतो, दुसऱ्या दिवशी जास्त दबतो, जास्त तापतो, आणि मग पुन्हा कुणीतरी हवा सोडतो. भार हवा उचलते, रबर नाही. आता पडद्यावर दाब आणि तापमान शेजारी दिसतं, त्यामुळे गरम टायरची हवा सोडायला कुणी हात लावत नाही. एखाद्या टायरचं तापमान जोडीदारापेक्षा सतत वर असेल तर तो बाजूला काढून बघतात. ब्रेक घासत असल्याचंही एकदा असंच कळलं.

हवेऐवजी नायट्रोजन भरतो. आयुष्य फार वाढल्याचं मला दिसलं नाही, पण सुरक्षेसाठी तो गरजेचाच. ब्रेकची आग, वीज पडणं किंवा वीजवाहिनीला डंपर टेकणं यामुळे टायरच्या आत रबर जळून वायू तयार होतो, आणि आत ऑक्सिजन असेल तर तो टायर बऱ्याच वेळाने, सगळे गाफील असताना फुटू शकतो. असा संशय असलेल्या डंपरपासून सगळ्या बाजूंनी किमान ३०० मीटर दूर राहायचं आणि कुणी पाणी मारायला जवळ जायचं नाही. आणखी एक गोष्ट मी प्रत्येक नव्या फिटरला सांगतो: मागचं चाक काढताना नट सैल करण्याआधी जोडीतल्या दोन्ही टायरांचा व्हॉल्व्ह कोर (हवा अडवणारा आतला भाग) काढून हवा पूर्ण शून्य करायची, फक्त बाहेरच्या टायरची नाही. रिमचा पाया किंवा त्यावर टायर अडकवून धरणारे सुटे भाग, म्हणजे बीड सीट बँड किंवा लॉक रिंग, यांपैकी एखादी वस्तू तडकलेली असेल तर तिला थोपवून धरणारा फक्त तो नट असतो. इथे घाईला जागा नाही.

खरेदीची बाजू. या मापाचा टायर लागला तेव्हा बाजारात मिळेलच असं नसतं. २००५ नंतरच्या काही वर्षांत आणि पुन्हा २०११ च्या सुमारास मोठ्या टायरांचा तुटवडा पडला तेव्हा टायरविना डंपर उभे राहिले होते. मोठे टायर बनवणारे साचे आणि कारखाने रातोरात वाढत नाहीत, आणि धातू-कोळशाची मागणी उसळली की सगळ्या खाणी एकदमच दारात उभ्या राहतात. अशा वेळी मध्यस्थ जुना साठा काढतात. साईडवॉलवरच्या सिरीयल नंबरवरून टायर कधी बनला ते तपासून घ्यायचं. उन्हात, तेलाजवळ पडून राहिलेला टायर नवा असूनही म्हातारा असतो.

वॉरंटीची वाट सोपी नाही. भरपाई शिल्लक ट्रेडच्या प्रमाणात मिळते, आणि दगडाचा कट, कमी दाब किंवा जास्त भार दिसला की दावा मागे पडतो. आमचा एक टायर बीडजवळ, म्हणजे रिमवर बसणाऱ्या कडेजवळ, सुटला. विक्रेत्याने कमी दाबाचं कारण पुढे केलं. सेन्सरची नोंद, सिरीयल नंबर आणि ट्रेडच्या महिनावार मोजण्या समोर ठेवल्या तेव्हा दावा मान्य झाला. नोंदी नसत्या तर तो बुडालाच असता. कंपन्यांची मालकीही बदलत असते. गुडइयरचा ऑफ-द-रोड टायरचा धंदा २०२५ मध्ये योकोहामाकडे गेला. चालू टायरांच्या दाव्याची जबाबदारी कुणाची, हे करारात नाव घालून लिहून घ्या.

नवे टायर आम्ही पुढे बसवतो आणि साधारण एक तृतीयांश ट्रेड झिजल्यावर मागे नेतो, जोडीत सारख्या व्यासाचेच लावतो. पुढे ताप जास्त आणि फुटला तर गाडीवरचा ताबा जाण्याचा धोका, म्हणून दुरुस्त केलेला टायर कधीच पुढे जात नाही. आता मागच्या धुऱ्यासाठी आम्ही पुन्हा कट सहन करणाऱ्या कंपाउंडचा विचार करत आहोत, कारण मागच्या टायरचा टीकेपीएच कमी आहे आणि कट तिथेच लागतात. दोन कंपाउंड ठेवायची तर मागच्या धुऱ्यावर नवे टायर वेगळे चढवावे लागतील आणि पुढून मागे नेण्याची आमची साखळी तुटेल. पुढच्या पावसाळ्याआधी दोन डंपरवर हे लावून बघणार आहोत. कुणी असं आधी चालवलं असेल तर मिलिमीटरला किती तास मिळाले ते जरूर कळवा.