गणिताची अवांतर पुस्तकं: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

गणिताचं अवांतर पुस्तक चाळताना मी आता एकच गोष्ट बघते: वाचता वाचता हात पेन्सिलीकडे जातो का. आमची मुलगी सातवीत आहे, सेमी-इंग्रजीला. मे महिन्यात अप्पा बळवंत चौकातून पिशवी भरून पुस्तकं आणली होती. दिवाळी उलटून गेली तरी त्यातली मोजकीच टेबलावर आहेत, बाकीची माळ्यावर गेली.

सगळ्यात जास्त हाताळलं गेलं ते याकोव पेरेलमान यांचं 'मॅथेमॅटिक्स कॅन बी फन'. मीर प्रकाशनाची जुनी प्रत मिळाली तर उत्तमच, नाहीतर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर ते मोफत वाचता येतं. त्यात एका सौद्याची गोष्ट आहे. एक अनोळखी माणूस एका श्रीमंताला महिनाभर रोज एक लाख रूबल द्यायला तयार होतो. बदल्यात मागतो काय, तर पहिल्या दिवशी एक कोपेक, दुसऱ्या दिवशी दोन, मग चार, असं रोज दुप्पट. शंभर कोपेक म्हणजे एक रूबल. पुस्तकात पुढे हिशोब दिलेला आहे, पण मी तिथे पान झाकलं आणि तिला वही दिली. विसाव्या दिवसापर्यंत श्रीमंताच्या खिशातून जेमतेम साडेदहा हजार गेले होते आणि आले होते वीस लाख! चोविसाव्या दिवसाचा हप्तासुद्धा लाखाच्या आतच होता. गंमत म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशीही तो एकूण फायद्यात असतो. एकोणतिसाव्याला पारडं फिरतं आणि तिसाव्याला त्याने दिलेली रक्कम होते 1,07,37,418 रूबल 23 कोपेक, मिळालेले फक्त तीस लाख. "आई, हा अठ्ठाविसाव्या दिवशी का नाही थांबला?" हा तिचा प्रश्न पुस्तकात नाही, आणि मला तो पुस्तकातल्या प्रश्नांपेक्षाही आवडला. हे पुस्तक इंग्रजीत आहे, त्यामुळे सुरुवातीला शेजारी बसावं लागतं, ही मात्र अडचण आहे.

दुसरं, ना. ह. फडके यांचं 'लीलावती पुनर्दर्शन', म्हणजे भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या जुन्या गणितग्रंथावरचं मराठी पुस्तक. हे एकट्या मुलाच्या हातात द्यायचं पुस्तक नाही, संस्कृत श्लोक बघून मुलं दचकतात. पण घरात कुणी वाचून दाखवणारं असेल तर जरूर घ्या. माझ्या सासऱ्यांनी एका संध्याकाळी त्यातलं मोराचं गणित घातलं. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ आहे. सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येतोय. मोर तिरपी झेप घेतो, दोघं सारखंच अंतर कापतात, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? सातवीला पायथागोरसचा सिद्धांत आहेच. तिने समीकरण न मांडता आकडे घालून पाहिले: दहा हात घेतले तर साप सतरा हात चाललेला, मोर साडेतेराच्याही आत, म्हणजे गाठ आणखी लांब. बारा घेतले आणि दोघांचेही पंधरा हात आले. 1150 सालचं गणित आजोबा आणि नात एकाच कागदावर सोडवतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मंगला नारळीकरांचं 'गणिताच्या सोप्या वाटा' मुलीपेक्षा मीच जास्त वापरलं. समजावून सांगताना अडलं की ते उघडते. मराठी साधं, घरातलं आहे.

माळ्यावर गेली ती झटपट आकडेमोडीची पुस्तकं. अकराने गुणायचं असेल तर दोन अंकांच्या मध्ये त्यांची बेरीज लिहा, 43 चे 473, असं एका पुस्तकात पानभर आहे. पण हे होतं कसं, 430 मध्ये 43 मिळवले म्हणून होतं, ही एक ओळ कुठेच नाही. मुलं दोन दिवस पाहुण्यांसमोर करून दाखवतात आणि 87 आलं की अडकतात, कारण आठ आणि सात पंधरा होतात आणि हातचा कुठे न्यायचा ते ठाऊक नसतं.

पाचवी-सहावीच्या मुलासाठी घेणार असाल तर पेरेलमानपासून सुरुवात करा आणि सोबत एक कोरी वही ठेवा. 'लीलावती' सातवीनंतर.