कर्वे रस्त्याजवळच्या समुपदेशक मॅडम: एका एसटी ड्रायव्हरचा अनुभव

भडाभडा सगळं ओकायला लावणारं कोणी हवं असेल, तर या मॅडमकडे जाऊ नका. मी एसटीचा ड्रायव्हर, स्वारगेट-सातारा. खंबाटकी घाटातल्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर जे एस वळण लागतं, तिथे आमच्या पुढचा कंटेनर उलटला. बाकीचं लिहीत नाही. तेव्हापासून ब्रेक लायनर जळाल्याचा वास आला की हातपाय गार पडायचे. आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो, तर तिथल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळं वदवून घेतलं. होती नव्हती ती झोपही गेली.

इथे पहिला प्रश्न, "काका, कुठे बसता?" मी दाराकडे तोंड करून बसलो. मग म्हणाल्या, "अपघाताचं आज काढायलाच पाहिजे असं नाही. नकोसं वाटलं की हात वर करा, मी थांबेन." मी मुद्दाम मधेच हात वर केला. थांबल्या! कारणही विचारलं नाही.

घाबरायला झालं की करायचा एक व्यायाम असतो: दिसणाऱ्या 5 गोष्टी, स्पर्शाच्या 4, आवाज 3, वास 2, चव 1. वासावर आलो की मला तोच लायनर. त्यांनी लगेच विचारलं, "वास गाळू या. त्याजागी काय घेऊ?" मी म्हटलं, थांबे. स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ. शिरवळच्या पुढे तोच घाट, म्हणून तिथून पुढे जायचं नाही, हेही मीच ठरवलं. पुस्तकातलं सोडून माझ्या सोयीचं करायला त्यांना कमीपणा वाटला नाही, हे मला फार आवडलं.

गाडीत परत बसायची यादीही दोघांनी मिळून केली. त्यांच्या मते आधी उभ्या बसमध्ये बसायचं, मग प्रवासी म्हणून जायचं. मला उलट वाटत होतं, कारण रिकाम्या गाडीत जास्त भीती वाटते. मग क्रम बदलला. घाट अजून यादीतच आहे.

डेपोत कळेल का, हे मी दोनदा विचारलं. जिवाला धोका असेल तरच कुणाला सांगावं लागेल, असं त्यांनी आधीच स्पष्ट केलं होतं. झोपेच्या गोळ्या मागितल्या, तर "मी डॉक्टर नाही, औषध देऊ शकत नाही" म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

आता तक्रारी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. फी 1,200, पन्नास मिनिटांची. 2017 च्या कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच, म्हणजे भरती न होता घेतलेले उपचार, नाही, तेव्हा सगळा खर्च खिशातून. संध्याकाळच्या वेळा लवकर भरतात, ड्युटी पाहून आधीच सांगून ठेवा. फी झेपत नसेल तर टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.