मारुती ८००चं इंजिन घरच्या शेडमध्ये बदललं: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. निळा धूर आणि ऑइल पिणं इतकं वाढलं होतं की इंजिन बांधायच्या खर्चात भंगार बाजारातलं चालू इंजिन येत होतं. तेच ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं एफ८बी घेतलं आणि मेव्हण्याला हाताशी घेऊन घरीच बसवलं.

हत्यारं साधीच: रिंग पाने, गोटी सेट, जॅक, गाडी टेकवायच्या दोन घोड्या आणि इंजिन उचलायला भाड्याने आणलेली अर्ध्या टनाची चेन पुली. पुली शेडच्या लोखंडी गर्डरला टांगली. पत्र्याखालच्या पाइपाला किंवा लाकडी वाशाला हे वजन देऊ नये. बॉनेट उतरवलं, गिअर ऑइल सोडून ड्राइव्ह शाफ्ट (चाकांना फिरवणारे दांडे) ओढले, वायरी, पाइप आणि माउंटिंग सोडवले, की गिअरबॉक्ससकट सगळं वरून निघतं. एक हत्यार मात्र भाड्याने का होईना, आणाच: टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोराइतकाच बोल्ट आवळता येणारा पाना. फ्लायव्हीलचे बोल्ट अंदाजाने आवळायचे नसतात.

खरा फायदा आता कळतोय, तो इंजिन बाहेर असताना बदललेल्या किरकोळ मालाचा. इंजिनचं मागचं, गिअरबॉक्सकडचं ऑइल सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग. सील काही शे रुपयांचं, पण नंतर ते गळलं तर फक्त त्याच्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आमच्या शेडच्या फरशीवर अजून थेंब नाही. इंजिन घेण्याआधी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेज लावून बघितलं होतं, तिन्हींचं जवळजवळ सारखं. दुकानदार वैतागला, वैतागू दे.

आंबा घाटातून रत्नागिरीला भर पावसात जाऊन आलो. चढाला दुसऱ्या गिअरमध्येही टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या वर गेला नाही. तक्रार एकच. ज्यावर इंजिन टेकतं ते बाजारातलं स्वस्त माउंटिंग रबर आत्ताच दबून गेलंय, सिग्नलला उभं राहिलं की स्टिअरिंग थरथरतं. तीन सिलिंडरची थरथर असतेच, पण ही जास्त आहे. पुढच्या महिन्यात कंपनीचं माउंटिंग टाकणार.

आणि कागद. इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते, बदलल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. त्यामुळे विकणाऱ्याचं बिल आणि इंजिन ज्या गाडीतून निघालं तिचे कागद हातात आल्याशिवाय पैसे मोजू नका, इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी.