आंब्याच्या पेटीतले डेमो: ऐकायला मस्त, सांभाळायला कटकट

मालवणातल्या आपल्या त्या बँडचे (ज्यांना माहीत त्यांना माहीत) जुने डेमो (म्हणजे कच्ची रेकॉर्डिंगं) एकदाचे बाहेर आले, आणि आधीच सांगतो, घ्या. ४५० रुपयांना सीडी म्हटल्यावर लोक विचारतात की ती वाजवायला घरात आहे काय, पण आत डाउनलोडचा कोड पण दिलाय त्यामुळे ती सबब चालणार नाही.

पॅकिंगबद्दल आधी बोलतो कारण अर्धे लोक त्यासाठीच घेतायत. हापूसचा सीझन संपला की पुठ्ठ्याच्या रिकाम्या पेट्या सगळीकडे पडलेल्या असतात, त्याच कापून यांनी कव्हरं केलीत. बाहेरून साधा तपकिरी पुठ्ठा, वर काळ्या शाईत स्क्रीन प्रिंट, आणि उघडलं की आत पेटीवरची मूळ छपाई. कोणाला अर्धा आंबा आलाय, कोणाला नुसतं '५ डझन', माझ्या वाट्याला 'देवगड हा' एवढंच आलंय, पूस दुसऱ्या कोणाकडे गेला असणार. पार्सल आल्यावर आईने वास घेऊन विचारलं, 'ह्येच्यात आंबे नाय तर मगे काय हा?' गाण्यांचे शब्द दशावताराच्या जुन्या हँडबिलांच्या कोऱ्या बाजूवर छापलेत, म्हणजे एका बाजूला यांचं गाणं आणि उलटवलं की 'ट्रिकसीनयुक्त महान पौराणिक नाटक, रात्रौ १० वाजता'. हे मला गाण्यांपेक्षा जास्त आवडलं असं म्हटलं तर बँडवाले चिडतील.

चिकटवायला फेव्हिकॉल नाही, घरी शिजवलेली खळ. खळ म्हणजे कसर आणि झुरळांना आवतण, पण सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय की त्यात मोरचूद घातलाय, जुने बाईंडर घालायचे तसा. बरं केलं. फक्त मोरचूद विषारी असतो, तेव्हा घरात सगळं तोंडात घालणारं पोर असेल तर कव्हर वरच्या फळीवर ठेवा.

पण किडीचा बंदोबस्त झाला, ओलीचं काय? दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद असा हा पुठ्ठा, आपल्या पावसात हवा प्यायला लागला की सादळलेल्या पापडासारखा होतो. वर आत सीडीला काहीच पाकीट नाही, ती थेट खरखरीत पुठ्ठ्यावर घासते. इतकी मेहनत केली तर एक बटर पेपरचं पाकीट जड होतं काय? मी माझ्यापुरतं करून घेतलं, पण हे विकणाऱ्याने करायचं काम आहे. शिवाय सीडी घरी राईट केलेली आहे, अशी सीडी उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली की गेली, तेव्हा घेतल्याघेतल्या कोड वापरून गाणी उतरवून ठेवा.

आता आवाज. हे सगळं १९९९ ते २००२ मधलं, मुंबईहून मागून आणलेल्या फोर-ट्रॅकवर (चार आवाज वेगवेगळे भरता येणारं रेकॉर्डिंगचं मशीन) साध्या कॅसेटमध्ये केलेलं. या मशीनमध्ये टेप दुप्पट स्पीडने पळते आणि चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतात, उलटवून दुसरी बाजू वापरता येत नाही, त्यामुळे ९० मिनिटांची कॅसेट जेमतेम साडेबावीस मिनिटांत संपते. तिसरं गाणं मध्येच कापल्यासारखं का थांबतं ते यावरून कळतं, टेप संपली! ते फेड आउट करून लपवलं नाही याबद्दल यांना मार्क. टेपचा सूं आवाज पण ठेवलाय, उगाच सॉफ्टवेअरने घासून गाण्याचा जीव काढला नाही. आणि बुरशी आलेल्या कॅसेट आधी साफ करून मग वाजवल्या म्हणे, हे शहाणपणाचं, नाहीतर ती बुरशी टेप वाचणाऱ्या हेडला लागून पुढची कॅसेट पण गेली असती.

सगळ्यात भारी तुकडा पाचव्या गाण्यात. रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली, टेप हळू होत होत थांबली, आणि ती आता नेहमीच्या स्पीडने वाजते तेव्हा आवाज खाली पडायच्या ऐवजी सर्रकन वर चढतो, गिटार किंचाळते आणि खलास. मुद्दाम करायला गेलं तर जमणार नाही असं.

शेवटच्या चार गाण्यांवर मात्र माझा आक्षेप आहे. तेव्हाची मशीन हळू चालत असणार, कारण आता ती गाणी सुरात चढी लागतात, साधारण अर्धा सूर तरी. स्पीडमध्ये सहा टक्के फरक पडला की एवढं होतंच, आणि त्यात गायकाचा तो भारदस्त आवाज दहावीतल्या पोरासारखा झालाय. हे कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत सरळ होतं हो. सीडी राहू दे, निदान डाउनलोडची फाईल तरी बदला.

ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर घेतात, रिप्लाय यायला वेळ लागतो आणि कुरिअरचे पैसे वेगळे, मालवणला जाणारच असाल तर हातोहात घ्या. थोड्याच प्रती उरल्यात, आणि पुढचा लॉट आता नव्या सीझनच्या पेट्या रिकाम्या झाल्यावरच, म्हणजे जूनच्या आधी विचारून उपयोग नाही.