रॉटरडॅम सेंट्राल, काही महिन्यांच्या वापरानंतर : सगळं छान, पण फेरीचा धक्का गाठायचा कसा?

नेदरलँड्समधलं रॉटरडॅम सेंट्राल हे स्टेशन दिसतं कसं यावर भरपूर लिहून झालंय. शहराकडे टोक काढलेलं छप्पर, फलाटांवरच्या काचेच्या छतात बसवलेले सुमारे 1,30,000 सोलर सेल, 1957 च्या जुन्या स्टेशनावरून उतरवून पुन्हा लावलेली अक्षरं आणि घड्याळ, हे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. उद्घाटन मार्च 2014 मध्ये झालं, म्हणजे नव्याची नवलाईही सरली. त्यामुळे इथे फक्त वापराबद्दल, आणि तेही बॅग ओढत गाडी बदलणाऱ्याच्या बाजूने.

आधी तक्रार. युरोपातल्या सर्वांत मोठ्या बंदराच्या शहराचं हे मुख्य स्टेशन. इथून ब्रसेल्स, पॅरिस, लंडनला थेट गाडी मिळते. पण इंग्लंडमधल्या हार्विचला जाणारी फेरी बोट जिथून सुटते त्या हूक व्हान हॉलंडच्या धक्क्याला इथून एकही थेट गाडी नाही. पूर्वी होती, दर अर्ध्या तासाला. 1 एप्रिल 2017 ला तो रेल्वेमार्ग बंद करून मेट्रोत बदलायला घेतला. त्याच वर्षी सुरू व्हायची मेट्रो धावली 30 सप्टेंबर 2019 ला. उशीर एकवेळ समजू शकतो, मोठ्या कामात होतो. खरी अडचण पुढेच आहे: हूकचा मार्ग जोडला मेट्रोच्या बी लाइनला, आणि बी लाइन सेंट्रालला येतच नाही. सेंट्रालच्या खाली थांबतात त्या फक्त डी आणि ई.

वेळापत्रक बदलून हे सुटणारं नाही. डी-ई हा उत्तर-दक्षिण मार्ग, ए-बी-सी हा पूर्व-पश्चिम. दोन्ही एकमेकांना ब्योर्सला छेदतात, पण तिथे एका मार्गावरची गाडी दुसऱ्यावर जात नाही. प्रवासी गाड्या एका रुळावर येतात त्या थेट दक्षिणेला, टुसनवाटरला, तेही फक्त सी आणि डी. म्हणजे हूकसाठी गाडी बदलणं आलंच. कुठे बदलायची, एवढंच आपल्या हातात.

रस्ते दोन. पहिला : सेंट्रालच्या चौकातून खाली मेट्रोत उतरायचं, डी किंवा ई घ्यायची (दक्षिणेकडे जाणारी, स्लिंगे किंवा डे आकर्स लिहिलेली), दुसऱ्या स्टेशनवर, म्हणजे ब्योर्सला उतरायचं आणि पश्चिमेकडची बी पकडायची. दुसरा : सेंट्रालहून रेल्वेने स्किदाम सेंट्रमला जायचं, पाचेक मिनिटांचं अंतर, आणि तिथे बी घ्यायची.

सुरुवातीला दुसराच रस्ता सरस वाटतो. रेल्वे मोकळी, ब्योर्सची गर्दी टळते, नकाशावरही सरळ दिसतो. काही महिने भाड्याची नोंद पाहिल्यावर मत बदललं. रेल्वेचं भाडं वेगळं आणि मेट्रोचं वेगळं. एका स्टेशनापुरती रेल्वे घेतली तरी तिचं किमान भाडं पूर्ण कापलं जातं, आणि मग मेट्रोत शिरताना मेट्रोचा मूळ आकार, म्हणजे अंतर कितीही असो सुरुवातीलाच लागणारी ठरावीक रक्कम, नव्याने लागतो. ब्योर्समार्गे गेलं तर गेटाच्या आतच गाडी बदलता येते, मूळ आकार एकदाच आणि बाकी फक्त किलोमीटरचे पैसे. चार माणसांचं कुटुंब असेल तर फरक चौपट होतो. तेव्हा प्रवासाची सुरुवातच सेंट्रालहून असेल तर ब्योर्स, यात आता शंका उरलेली नाही.

पण तुम्ही हेग, लायडन किंवा स्खिपोल विमानतळाकडून येत असाल तर हिशोब उलटा होतो. लायडन-हेगमार्गे येणाऱ्या साध्या इंटरसिटीला रॉटरडॅमच्या आधीच स्किदाम सेंट्रम लागतं. तिथेच उतरा, सेंट्रालपर्यंत येऊन मागे फिरू नका. स्खिपोलहून हायस्पीड मार्गाची इंटरसिटी डायरेक्ट लवकर पोचवते, मात्र स्खिपोल ते रॉटरडॅम या टप्प्यासाठी जादा शुल्क पडतं, ती स्किदामला थांबत नाही आणि वाचवलेली मिनिटं गाडी बदलण्यात जातात. फेरीसाठी साधी इंटरसिटीच घ्यावी.

आता चुका कुठे होतात. ब्योर्सला आणि स्किदामला ए, बी, सी तिन्ही एकाच फलाटावर येतात. स्किदाम सेंट्रमनंतर सी वळते, नदीखालून पेर्निसला जाते आणि स्पाइकेनिसकडे निघते. रंग आणि अक्षर न बघता समोर आली त्या गाडीत बसलं की तेलाच्या टाक्यांच्या बाजूला पोचता. ए व्लार्डिंगनकडे जाते, पण पुढे हूकपर्यंत जात नाही. आणि सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट : बी असली तरी प्रत्येक बी हूकला जात नाही. काही गाड्या मासस्लाउसच्या स्टेन्डाइकपोल्डरला संपतात. नुसतं अक्षर पुरेसं नाही, फलकावर 'हूक व्हान हॉलंड स्ट्रांड' हे शेवटचं स्टेशन वाचूनच चढा. स्टेन्डाइकपोल्डरच्या गाडीत चढलात तर फार बिघडत नाही, तिथे थांबून पुढची घेता येते, पण फेरीच्या चेक-इनची खिडकी बंद व्हायला वेळ कमी असेल तर तेवढंही महाग पडतं. उतरायचं 'हूक व्हान हॉलंड हाफन' या स्टेशनला. फेरीचा टर्मिनल तिथेच, फलाटाला लागून. 'स्ट्रांड' हे त्यापुढचं, समुद्रकिनाऱ्याचं स्टेशन, 31 मार्च 2023 ला सुरू झालेलं.

म्हणूनच सुधारणा सुचवायची तर बांधकामाची नाही, दोन छोट्या गोष्टींची. सेंट्रालच्या मेट्रो फलाटावर ब्योर्सहून सुटणाऱ्या पुढच्या दोन हूक गाड्यांची वेळ लावावी. बी इथे येत नसल्याने तिची वेळ कळण्याचा मार्ग म्हणजे मोबाईल (9292 चं ॲप रेल्वे, मेट्रो, ट्राम सगळं एकत्र दाखवतं, तेच वापरावं). आणि रेल्वेतून मेट्रोत जाताना मूळ आकार माफ करावा. स्टेशनावर एवढा खर्च करून सगळी वाहनं एका छताखाली आणली, पण भाडं दोन ठिकाणी तुटतं तोवर प्रवाशाच्या लेखी ही दोन स्टेशनंच आहेत.

कार्डाबाबत : रेल्वेच्या गेटातून बाहेर पडताना कार्ड टेकवून चेक-आउट, मेट्रोच्या गेटात शिरताना चेक-इन, दोन्ही त्याच कार्डाने. बँकेचं कार्ड चालतं, पण आत जाताना मोबाईल टेकवला आणि बाहेर येताना तेच कार्ड पाकिटातून काढून टेकवलं तर यंत्रणेला ती दोन वेगळी कार्डं वाटतात आणि दोन अपुऱ्या प्रवासांचे पैसे लागतात. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. नाव नसलेलं ओव्ही-चिपकार्ड (आधी पैसे भरून वापरायचं तिथलं प्रवासाचं कार्ड) असेल तर रेल्वेसाठी त्यात किमान 20 युरो शिल्लक लागते, मेट्रोला 4 युरो पुरतात. नुसती मेट्रो वापरणाऱ्याने 20 युरो अडकवून ठेवायची गरज नाही.

एवढी तक्रार केल्यावर हेही सांगायला हवं की शहरातल्या पाण्याकडे जायला हे स्टेशन उत्तम आहे. त्याच डी-ईने ब्योर्सच्या पुढचं लव्हाफन आलं की एरास्मस पुलाजवळचा वॉटरबसचा धक्का चालत गाठता येतो, तिथून दोर्द्रेख्टची बोट. त्यापुढचं विल्हेल्मिनाप्लाइन क्रूझ टर्मिनलसाठी. कुठेही गाडी बदलायची नाही, कुठेही नवं भाडं नाही. हूकचा प्रश्न असाच सुटला असता तर या लेखाची गरजच नव्हती. ट्राम चौकाच्या पूर्वेला हलवल्याने समोरची जागा पायी चालणाऱ्यांना मोकळी मिळालीय, तीही मोठी सोय.

सायकलवाल्यांसाठी शेवटचं, कारण हार्विचच्या फेरीत ते खूप असतात. चौकाखाली सुमारे 5,200 सायकलींचा तळ आहे, पहिले 24 तास फुकट, पुढे दिवसाचे पैसे. सायकल बरोबर न्यायची असेल तर रेल्वेत तिचं वेगळं तिकीट लागतं आणि जुलै-ऑगस्ट सोडून कामाच्या दिवशी सकाळी 6.30 ते 9 व दुपारी 4 ते 6.30 या वेळात नेता येत नाही. मेट्रोत गर्दीची वेळ सोडली तर सायकल फुकट जाते. म्हणजे सायकल घेऊन हूकला जाणाऱ्यानेही ब्योर्सच धरावं. बदलताना लिफ्ट शोधायला दहा मिनिटं हाताशी ठेवा, सामान लावलेली सायकल सरकत्या जिन्यावर चढवू नका.