जिआंट-४ की फ्लुका: डिटेक्टरच्या सिम्युलेशनसाठी काय निवडावे?

कलिन्याला मुंबई विद्यापीठात एमएस्सीचा प्रकल्प करणाऱ्या किंवा कुलाबा (टीआयएफआर), पवई (आयआयटी), तुर्भे (भाभा अणुसंशोधन केंद्र) येथे पीएचडीला नुकत्याच लागलेल्या विद्यार्थ्यावर किरण वा कण टिपणाऱ्या डिटेक्टरचे संगणकावर सिम्युलेशन करायची वेळ आली की जिआंट-४ आणि फ्लुका ही दोन नावे हटकून पुढे येतात. दोन्हींत मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे यादृच्छिक आकडे वापरून, एकेका कणाचा पदार्थातला प्रवास गणला जातो आणि शैक्षणिक कामासाठी दोन्ही विनामूल्य मिळतात. त्यामुळे निवड खर्चावर नव्हे, तर प्रयोगात काय मोजायचे आहे यावर ठरते.

१९९८ साली प्रथम प्रसिद्ध झालेले जिआंट-४ हा तयार प्रोग्राम नसून सी प्लस प्लसमधील लायब्ररी आहे. भूमिती, पदार्थ आणि नोंदी साठवण्याची व्यवस्था हे सारे आपणच लिहायचे असते, आणि फिजिक्स लिस्ट, म्हणजे कणांच्या आंतरक्रियांच्या प्रारूपांची यादी, निवडायची असते. भाषा येत नसेल तर सुरुवातीचा बराच काळ तिच्याशीच झटापट होते. मात्र सोर्स कोड खुला असल्याने कणाचे प्रत्येक पाऊल तपासता येते, आणि सिंटिलेटरमधला (कण आदळल्यावर चमकणाऱ्या पदार्थातला) प्रकाश थेट तो मोजणाऱ्या फोटोमल्टिप्लायरपर्यंत अनुसरता येतो. टीआयएफआर आणि आयआयटी मुंबई यांचा सहभाग असलेल्या, ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील सीझेडटीआय या क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणासाठी उपग्रहाचे वस्तुमान-प्रारूप (कुठे कोणता पदार्थ किती आहे याची मांडणी) यातच बांधले गेले. न्यूट्रॉनांचे काम असेल तर नाव 'एचपी'ने संपणारी फिजिक्स लिस्ट घ्यावी. २० एमईव्हीखालच्या (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचे एकक) न्यूट्रॉनांचे बारकावे इतर बहुतेक याद्यांत नीट उतरत नाहीत.

फ्लुका फोर्ट्रानमध्ये आहे, पण साध्या प्रश्नांसाठी कोड लिहावा लागत नाही. फ्लेअर या साथीच्या प्रोग्राममधून इनपुट कार्डे भरली की काम सुरू होते. भौतिकीची प्रारूपे बहुतांशी आतच ठरलेली असतात, आणि नवशिक्याच्या दृष्टीने मी हा गुणच मानतो. प्रवेगकाचे शील्डिंग (किरणांपासून संरक्षक आवरण), किंवा बीम बंद झाल्यावर उरणारी किरणोत्सारिता आणि डोस हा प्रश्न असेल तर फ्लुका निःसंशय सोयीचे, कारण ते सारे एकाच रनमध्ये निघते. २०१९ नंतर मात्र जिनिव्हाजवळची सर्न प्रयोगशाळा आणि इटलीची अणुभौतिकी संस्था आयएनएफएन यांच्या फ्लुकाच्या आवृत्त्या वेगळ्या झाल्या आहेत. आपल्या गटात कोणती चालते हे आधी विचारावे.

साधन कोणतेही घेतले तरी पहिली परीक्षा सीझियम-१३७ हा गॅमा किरणांचा सोर्स आणि सोडियम आयोडाइड डिटेक्टर यांची घ्यावी. नुसता स्फटिक आणि सोर्स मांडल्यास ६६२ केईव्हीचे (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे) शिखर सुईसारखे टोकदार येते आणि कॉम्प्टनची कडा (इलेक्ट्रॉनावर आदळून विखुरणाऱ्या किरणाने डिटेक्टरमध्ये सोडलेल्या ऊर्जेची कमाल मर्यादा) ४७७ च्या आसपास तुटक दिसते, कारण डिटेक्टरचे सुमारे ७ टक्के रिझोल्यूशन, म्हणजे शिखर पसरवणारी ऊर्जामापनातली अनिश्चितता, आपणच घालायचे असते. १८४ केईव्हीजवळचा बॅकस्कॅटरचा (भोवतालच्या वस्तूंवरून मागे विखुरलेल्या किरणांचा) उंचवटा तर शिशाच्या विटा, टेबल आणि भिंत भूमितीत घातल्याशिवाय नीट उमटत नाही. खरा वेळ या परिसराच्या मांडणीतच जातो, आणि तो दोन्हीकडे जवळपास सारखाच.

एका सत्राच्या प्रकल्पात फक्त डिटेक्टरची कार्यक्षमता (येणाऱ्या किरणांपैकी किती टिपले जातात) काढायची असेल तर फ्लुकाने सुरुवात करावी. प्रकाशसंकलन किंवा विद्युत स्पंदाचा आकार हवा असेल तर मात्र जिआंट-४ घ्यावे आणि त्यासाठी सी प्लस प्लस शिकावे.