घरात माणसं राहतात, ताबा मात्र फायनान्स कंपनीचा

कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की वऱ्हाडात घरांचे सौदे सुरू होतात, आणि त्यातच एक फसवणूक पुन्हा पुन्हा होते. गावठाणातल्या घरावर कर्ज असतं, हप्ते थकलेले असतात. विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवतो, करपावती दाखवतो आणि इसार रोख घेतो. पुढे एक दिवस दाराला कंपनीचं सील लागतं.

लोक फसतात, कारण विकणारा लेकराबाळांसह त्याच घरात राहत असतो. पण थकलेलं कर्ज गहाण मालमत्तेतून वसूल करायच्या 2002 च्या सरफेसी कायद्याने कर्जदाराला 60 दिवसांची नोटीस जाते. ती मिळाली की कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याला घर विकताच येत नाही. मुदत संपल्यावर दारावर नोटीस चिकटवून आणि दोन वर्तमानपत्रांत छापून सांकेतिक, म्हणजे कागदोपत्री ताबा घेतात. माणसं तिथंच राहतात. घर प्रत्यक्ष खाली करायला बहुधा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो, त्यात वेळ जातो. सौदे उरकतात ते याच काळात. नोटीस खरवडून वरून चुना मारला की गिऱ्हाइकाला काय दिसणार?

‘बँक काही करू शकत नाही’ हेही ऐकवलं जातं. सरफेसीतून सूट आहे ती शेतजमिनीला, गावातल्या घराला नाही.

नमुना 8 ही कराची नोंद आहे. तिच्यावर बोजा दिसला नाही म्हणून घर मोकळं ठरत नाही. मूळ नोंदणीकृत खरेदीखत मागा. ‘हरवलं’ म्हणून झेरॉक्स पुढे केली तर तिथंच थांबा. गहाण ठेवलेले मूळ कागद कर्ज देणाऱ्याकडे असतात. सेरसाई म्हणजे गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदणी; तिच्या संकेतस्थळावर शोध घ्या. गावठाणाचे पत्ते तिथे धड लिहिलेले नसतात, म्हणून मालकाच्या नावानेही शोधा.

कर्ज असलेलं घर घेता येतंच, पण रीतसर. विकणाऱ्याला घेऊन शाखेत जा, लेटरहेडवर थकबाकीचा आकडा आणि विक्रीची संमती घ्या, पैसे थेट कर्जखात्यात भरा. इसारसुद्धा त्याच्या हातात देऊ नका. लिलावाची नोटीस छापून आली असेल तर सौदा सोडा. सरफेसी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर तिथून पुढे थकबाकी भरून घर सोडवायचा हक्क उरत नाही.

कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कंपनीमुळे उशीर झाला तर कर्जदाराला दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. ते कागद आणि नो-ड्यूज दाखला डोळ्यांनी बघितल्यावरच उरलेली रक्कम द्या आणि खरेदीखत करा.